पंख्याची घरघर, जात्याची घरघर

दिवाळीत घरोघरी माणसे जमतात, आणि माणसे जमली की हल्ली कुणी ना कुणी मोबाइल उभा धरून चित्रण करू लागतो. मागाहून ऐकावे तर आजोबांपेक्षा डोक्यावरचा पंखाच अधिक बोललेला असतो! आपला कान मोठा चतुर. नको त्या आवाजाकडे तो खुशाल दुर्लक्ष करतो. मोबाइलच्या कानाला ही विद्या नाही.

म्हणून नंतर सफाई करावी लागते. चित्रफितीतला आवाज वेगळा काढायचा आणि त्यातला एखाद-दुसऱ्या सेकंदाचा असा तुकडा निवडायचा, की ज्यात कुणी बोलत नाही, नुसता पंखा आहे. 'ऑडॅसिटी' या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दाखवून म्हणावयाचे, 'बाबा रे, हा नको.' मग ते साऱ्या आवाजाचे उच्च-नीच पट्ट्यांत पृथक्करण करते आणि प्रत्येक पट्ट्यातला पंख्याचा वाटा दाबते. उरलेला आवाज पुन्हा चित्राला जोडायचा. लांबी मात्र बदलता कामा नये, नाहीतर ओठ एकीकडे अन् शब्द दुसरीकडे! अशा वजाबाकीची एक रीत अमेरिकेतील स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडली. बोल स्वच्छ करणाऱ्याचे आडनावच बोल, याचे मराठीच्या मास्तराला कौतुक वाटणारच.

पंखा एकसुरी, म्हणून तावडीत सापडतो. शेजारच्या अंगणातली लवंगी माळ क्षणोक्षणी बदलते. तिच्यापुढे हा उपाय लंगडा.

आमच्या थोरल्या आत्या ८४ वर्षांच्या. त्यांच्या ओव्या आता घरात दुसऱ्या कुणाला येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने त्यांना जात्यावर बसवून त्या टिपल्या. पंखा अर्थात चालू होता. सफाईसाठी त्याने तुकडा निवडला तो आत्यांनी जाते ओढायला लागून अजून ओवी न उचललेला. झाले! सॉफ्टवेअरने पंख्याबरोबर जात्याचाही गळा दाबला. ओवी काचेसारखी लख्ख ऐकू येऊ लागली. आत्यांनी ऐकले आणि म्हणाल्या, "अरे, जातं कुठं गेलं? नुसती गळा काढून बसलेय मी!"

बरोबरच होते त्यांचे. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. दळणारीचा श्वास, शब्द लांबवणे, मध्येच थांबणे, सारे त्या फेऱ्याला धरून. ते काढले की उरते एका म्हातारीचे कारण नसलेले गाणे.

मूळ फीत पुतण्याने पुसली नव्हती, हे नशीब. (तुमच्याकडे असे काही असेल तर मूळ प्रत कधीही पुसू नका.) मी त्याला म्हटले, आत्या पदर सावरून बसतात, जाते अजून हललेले नाही, तेवढाच तुकडा घे, आणि दाबही हलका ठेव. फार दाबले की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. पुढच्या खेपेस तर पंखा बंद करून मोबाइल जवळ ठेवावा, हे उत्तम. मोकळ्या जागी अंतर निम्मे केले की बोलणाऱ्याचा आवाज ६ डेसिबलने चढतो. पंखा आहे तेवढाच राहतो.

दुसरी प्रत ऐकताना आत्यांची मान फेऱ्याबरोबर हलू लागली. दोन ओव्या झाल्यावर थांबून म्हणाल्या, "हं, हे ठीक. पण मागं पंखा कुणी लावून ठेवलाय? बंद कर आधी, बिल येतं!"