पाच तारे, पाटी कोरी

मोठ्या हौसेने नाव घातलेला तो डेटा सायन्सचा कोर्स सध्या कितव्या धड्यावर अडकला आहे? संकोच नको, तुम्हाला सोबत भरपूर आहे. एडएक्सवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसची आकडेवारी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्स उघडलासुद्धा नव्हता. २०१७-१८ मध्ये तो पूर्ण करणारे होते जेमतेम ३ टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. पदरचे गेले की माणूस बसतो अभ्यासाला! (किंवा बसणारा माणूसच पैसे भरतो. दोन्ही शक्य आहे.)

मी याच धंद्यात आहे. ऑनलाइन कोर्स हे आता 'प्रॉडक्ट' आहे, त्याला मॅनेजर असतो, खर्चाचा हिशोब असतो. यावर अनेकजण नाक मुरडतात. माझी तक्रार ती नाही. कोणीतरी चुकलेला प्रश्न दुरुस्त करायला हवा, जुना धडा बदलायला हवा, आणि ते फुकट होत नाही. माझी तक्रार मोजपट्टीबद्दल आहे.

आम्ही काय मोजतो? नोंदणी किती झाली, व्हिडिओ किती मिनिटे पाहिला गेला, शेवटी किती तारे मिळाले. आता हार्वर्डमध्येच झालेला एक प्रयोग पाहा. तोही २०१९ मध्येच प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या प्रास्ताविक वर्गातल्या निम्म्या मुलांनी एका कसलेल्या शिक्षकाचे घोटीव व्याख्यान ऐकले. उरलेल्यांनी तोच भाग गटांत बसून, गणितांशी झटापट करत शिकला. पुढच्या विषयाला गट उलटे केले. चाचणीत झटापट करणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. पण 'आज आपण जास्त शिकलो' असे वाटले व्याख्यान ऐकणाऱ्यांना!

याचा अर्थ लक्षात येतो आहे ना? ताऱ्यांवर निर्णय घेतला, तर आम्ही प्रत्येक वेळी कमी शिकवणारा धडा निवडणार. सगळे प्रामाणिकपणे काम करत असले तरीही.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग तर याहून बोचरा आहे. एक उतारा काहींनी दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचून, दुसऱ्या वेळी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांच्या लक्षात ४२ टक्के मजकूर होता, तर आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. आणि आमचा अभिप्रायाचा फॉर्म कधी येतो? धडा संपल्या संपल्या.

व्हिडिओचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करण्याची टूमही अशीच. एडएक्सवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते की, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांहून जास्त टिकत नाही. ते खरेच आहे. पण तो पाहत राहिला एवढेच त्यातून कळते, शिकला की नाही ते नाही.

याउलट आपल्या आयआयटींचे एनपीटीईएल घ्या. दिसायला अगदी साधे, बऱ्याचदा फळा आणि प्राध्यापक. पण दर आठवड्याला गृहपाठ, आणि प्रमाणपत्र हवे तर फी भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा. त्या परीक्षेला ७५ टक्के भार. चकाचक अ‍ॅपपेक्षा मी कधीही यावर पैसे लावीन.

म्हणून पुढचा कोर्स घेताना, मग तो तुमच्या नोकरीसाठी असो की मुलांच्या मराठीच्या वर्गाचा, तारे बाजूला ठेवा आणि नमुन्याचा धडा उघडा. पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला काही करायला लावतात का? चुकलात तर का चुकलात ते सांगतात का? तिसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातले पुन्हा विचारतात का?

आणि आमच्या पडद्यावर एक नवा आकडा हवा: कोर्स संपल्यावर महिन्याभराने घेतलेल्या, न सांगता आलेल्या दहा प्रश्नांचा निकाल. बैठकीत मी हे सुचवते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "त्याने तारे कमी झाले तर?" होतील बहुतेक.