आधी निम्मे भरा, मग दाद मागा!



चुडाव्याच्या पारावर हल्ली एकच प्रश्न कानी येतो : "सोसायटीचा वसुली दाखला निघाला, आता वर दाद मागता येईल का?" कायद्याचे उत्तर 'हो' असे आहे. पण त्या दाराला कुलूप आहे.

1960 च्या सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधक वसुली दाखला देतो. त्यावर जप्ती येते, लिलाव होतो. कलम 154 प्रमाणे 2 महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करता येतो. मात्र येणे रकमेच्या 50 टक्के सोसायटीत भरल्याशिवाय तो विचारातच घेतला जात नाही.

हिशेब मांडा. समजा मुद्दल 60,000, आजवर भरणा काही नाही, दाखला 1,50,000 चा. कलम 44-अ सांगते, 15 वर्षांपर्यंतच्या शेतीकर्जावर मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे व्याजापोटीचे 30,000 बेकायदा. पण हे सांगायला आधी 75,000 रोख मोजा! एवढे घरात असते तर कर्ज थकले असते कशाला?

बँकेने दिवाणी दावा लावला तर निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत अपील होते. वसुलीला स्थगिती मागताना रोख नसेल तर तारण देण्याची वाट तिथे आहे. आमच्या सातबाऱ्यावर तर सोसायटीचा बोजा आधीच चढलेला आहे. तारण हाती असताना पुन्हा निम्मी रोख कशासाठी?

म्हणे, ही अट नसेल तर बुडव्यांचे फावेल. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली, तेव्हा बुडवा कोण होता? ज्वारी-कापसाचा उत्पादनखर्चही निघू न देणारे धोरण कोणाचे?

तेव्हा दाखला निघेपर्यंत थांबू नका. कलम 101 ची नोटीस येताच :
1. नोटीस घ्या, मिळाल्याची तारीख टिपून ठेवा.
2. खातेउतारा लेखी मागा. पुनर्गठनात व्याजाचे मुद्दल केले असेल तर दाखवून द्या.
3. कलम 44-अ चा आक्षेप लेखी नोंदवा, पोच घ्या. सुनावणीला एकटे जाऊ नका, गावाने जा.

आणि प्रत्येक ग्रामसभेत ठराव करा : शेतीकर्जापुरती 50 टक्क्यांची अट रद्द झालीच पाहिजे. कर्जमाफीची भीक आम्ही मागत नाही. आमचा हिशेब वरच्या दारात ऐकून घ्या, एवढेच मागतो. न्यायाला प्रवेश फी लावणाऱ्या सरकारने आम्हाला थकबाकीदार म्हणू नये.