पोचपावतीचा भास

कोणत्याही नीट चालणाऱ्या कचेरीत आलेले टपाल आधी आवक नोंदवहीत चढते, त्यास क्रमांक मिळतो आणि मगच ते संबंधितांच्या टेबलावर जाते. संकेतस्थळांवरील 'संपर्क' या पानाने ही साधी शिस्त मोडीत काढली आहे. विद्यार्थी गुणपत्रिकेतील चूक कळवितो, बटण दाबतो आणि 'आपला संदेश पाठविण्यात आला आहे' अशी अक्षरे पडद्यावर उमटतात. महिना लोटतो, उत्तर येत नाही. तो कचेरीला बोल लावतो. कारकून शपथेवर सांगतो की, असे काही आलेच नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

खोटे बोलतो तो फॉर्म. असे पुष्कळ फॉर्म पीएचपी या भाषेत लिहिलेले असतात. तिच्यातील 'मेल' हे फंक्शन होकार देते, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की, पाठवणीसाठी पत्र स्वीकारले गेले. ते पोचेलच असे नाही, हे त्या भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच नमूद आहे. पेटीत पत्र टाकले म्हणजे ते पोचले, असे गावातला पोस्टमनदेखील म्हणणार नाही!

यातली दुसरी चूक अधिक घातक आहे. उत्तर देणे सोयीचे व्हावे म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता 'प्रेषक' म्हणून घातला जातो. १९८२ साली ई-पत्रांच्या दळणवळणाचे एसएमटीपी नियम ठरले, त्यांत प्रेषकाची ओळख पटविण्याची तरतूद नव्हती; त्यामुळे हे अनेक वर्षे खपून गेले. पुढे तोतया पत्रांचा सुळसुळाट झाला. तेव्हा कोणत्या सर्व्हरने कोणाच्या वतीने पत्र धाडावे हे सांगणारी एसपीएफ नोंद आणि सहीसारखी डीकेआयएम खूण आली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांच्या नावे परस्पर येणारी पत्रे नाकारावीत असे धोरण जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने व याहूने या दोहोंपैकी एका तरी ओळखीची अट सर्वच पाठविणाऱ्यांना घातली. साहजिकच विद्यार्थ्याची प्रामाणिक तक्रार तोतया पत्रासारखी दिसते आणि स्पॅममध्ये पडते किंवा दारातूनच परतते. परतल्याची सूचनाही बहुधा सर्व्हरवरील अशा खात्यात जाते की जे कोणी उघडत नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रेषक म्हणून संस्थेचाच पत्ता द्यावा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू' या रकान्यात घालावा, पत्र खाते व पासवर्ड देऊन एसएमटीपीद्वारे पाठवावे आणि डोमेनच्या नोंदी पुऱ्या कराव्यात. तथापि एवढ्यानेही भागणार नाही. सर्व्हर कधीतरी बंद पडणारच. म्हणून मजकूर प्रथम डेटाबेसमध्ये साठवावा, भरणाऱ्याला क्रमांक द्यावा आणि ई-पत्र त्यानंतर निघावे. ते न निघाले तरी तक्रार जिवंत राहते.

संकेतस्थळाचे उद्घाटन समारंभपूर्वक होते. सर्व्हरच्या मेल लॉगमध्ये नाकारलेल्या पत्रांची कारणे ओळीने लिहिलेली असतात, ती मात्र कोणी वाचत नाही. हे वाचन कोणाच्या कामात मोडते, एवढे तरी संस्थाप्रमुखांनी ठेकेदाराची पुढील देयके मंजूर करण्यापूर्वी लेखी ठरवून घ्यावे.