संपकऱ्याचें बिऱ्हाड

आमच्या एका वयोवृद्ध वाचकांनीं पत्र पाठवून आम्हांस सरळच विचारलें आहे: "एस्. टी. आणि आगगाड्या चालविणारे नोकर संप करतात, तेव्हां त्यांस काढून टाकून नवीं माणसें कां भरूं नयेत? नोकरी पत्करली ती काय गाड्या बंद पाडण्यासाठीं?" प्रश्न रोखठोक आहे, आणि खोटें कशाला बोला, आपल्या पांढरपेशा घरांतून तो पुष्कळदां विचारला जातो. तेव्हां त्याचें उत्तर टाळून चालणार नाहीं.

प्रथम पत्रलेखकांच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हणूं. गिरणीचा संप झाला तर मालकाचा नफा बुडतो; गाड्यांचा संप झाला तर झळ तिऱ्हाइतास लागते. २०२१ सालच्या दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रांतील एस्. टी. कामगारांचा जो संप पेटला तो पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्यांत मंत्र्यांची मोटार एक दिवसही थांबली नाहीं. अडली ती खेड्यांतून तालुक्याच्या शाळेस जाणारी मुलगी, दवाखान्यास निघालेला म्हातारा आणि भाजीची पाटी घेऊन बाजारास जाणारी बाई. वडापाच्या जीपगाडींत माणसें कोंबून नेणारांचें मात्र फावलें. ही गोष्ट ज्यास दिसत नाहीं त्यानें कामगारांच्या कैवाराच्या गोष्टी सांगूं नयेत.

पण नाण्यास दुसरी बाजू आहे. पगार तुटपुंजा, आणि तोही वेळेवर हातीं पडत नाहीं, ही त्या चालक-वाहकांची तक्रार कांहीं काल्पनिक नव्हती. २०२१ च्या नोव्हेंबरांत सरकारनें मूळ पगारांत वाढ जाहीर केली, तेव्हां तक्रार खरी होती हें सरकारनेंच एका परीनें मान्य केलें. आमच्या मतें संप त्या दिवशीं मिटावयास हवा होता. महामंडळाचें सरकारांत विलीनीकरण झाल्यावांचून गाडीवर चढावयाचें नाहीं, हा हट्ट कामगारांस फार महाग पडला. हजारों निलंबित झाले, हजारों बडतर्फ झाले. अखेर २०२२ च्या एप्रिलांत मुंबईच्या उच्च न्यायालयानें २२ एप्रिलपर्यंत कामावर येण्यास सांगितलें व येणारांची नोकरी जाऊं नये असें पाहिलें. न्यायालयानें संपाची भलावण केली नाहीं. परंतु चुकलेल्या माणसास परत यावयास दार उघडें ठेविलें. हा विवेक आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आतां हक्काविषयीं. नोकरांनीं एकत्र येणें हा विलायतेहून आलेला रोग आहे असें समजणारांनीं आपल्याच धर्मशास्त्रांत डोकवावें. मनूनें जीं अठरा व्यवहारपदें सांगितलीं त्यांत वेतन न देणें हें एक आहे, आणि कौटिल्यास संघ करून काम घेणारे भृत्य चांगले ठाऊक होते. (शब्दाचीच मौज पाहावयाची तर गुजराथींत 'संप' म्हणजे एकोपा, आम्हीं मात्र त्याचा अर्थ काम बंद असा केला!) अर्वाचीन काळीं १८९९ च्या मे महिन्यांत जी. आय्. पी. रेल्वेच्या सिग्नलरांनीं संप केला, तेव्हां लोकमान्यांचीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें त्यांच्या पाठीशीं उभीं होतीं, आणि फेरोजशहा मेथा व दिनशा वाच्छा यांसारखे पुढारी त्यांच्यासाठीं वर्गणी गोळा करण्यास पुढें आले होते.

पुढें १९२० सालीं मद्रासेस बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यांत कामगार-पुढारी वाडिया यांच्यावरच कोर्टाचा मनाई-हुकूम बजावण्यांत आला. संघ स्थापन करणें हाच जणूं गुन्हा! या प्रसंगानंतर १९२१ सालीं मध्यवर्ती कायदे-मंडळांत कामगार-संघांस संरक्षण असावें असा ठराव ज्यांनीं आणला ते नारायण मल्हार जोशी आपल्याच कुलाबा जिल्ह्यांतले, कांहीं वर्षें शाळामास्तरकी करून भारत-सेवक-समाजांत गेलेले. (आमच्या धंद्यांतील माणसाचा उल्लेख करतांना आम्हांस किंचित् अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी.) १९२६ चा कायदा झाला तो या खटपटीचें फळ. मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. संघ करण्याचा हक्क राज्यघटनेनें दिला आहे. संप करण्याचा हक्क त्याच पोटांत येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालींच सांगितलें. संपास कायद्याची मुभा आहे, पण ती अटींनीं बांधलेली. आधीं सूचना द्यावी लागते. ही अट पूर्वीं लोकोपयोगी सेवांपुरती होती, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें सर्वच उद्योगांस लावली आहे.

म्हणजे संप बेकायदा ठरूं शकतो. ठरला, तर पुढें काय? खरा प्रश्न येथें आहे, आणि त्यासाठीं १९७४ च्या रेल्वे-संपाकडे पाहिलें पाहिजे.

त्या वर्षीं ८ मे रोजीं सुमारें १७ लाख रेल्वे-कामगारांच्या नांवानें संप पुकारला गेला. मागण्या काय होत्या? इंजिन चालविणाऱ्या माणसाचें काम आठ तासांवर आणा, इतर सरकारी कारखान्यांतील कामगारांच्या बरोबरीनें पगार द्या, बोनस द्या. इंजिनाच्या भट्टीपुढें चौदा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातीं शेंकडों प्रवाशांचा जीव असतो, तेव्हां त्याची झोंप हा त्याचा एकट्याचा प्रश्न नाहीं, हें आमच्या वयोवृद्ध वाचकांसही पटेल. संपापूर्वींच, २ मे रोजीं, पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांस लखनौस पकडण्यांत आलें. बोलणीं चालूं असतां बोलणारासच तुरुंगांत घालण्याची ही तऱ्हा! भारत-संरक्षण नियमांखालीं संप बेकायदा ठरला, हजारों माणसें गजांआड गेलीं, हजारों बडतर्फ झालीं, गाड्या चालविण्यास प्रादेशिक सेना आणली गेली. मध्येंच १८ मेला पोखरण येथें अणुस्फोट झाला आणि वर्तमानपत्रांचीं पहिलीं पानें तिकडे वळलीं. २७ मे रोजीं, पदरांत कांहीं न पडतां, संप मागें घेण्यांत आला.

इथवर सर्व झालें तें, कठोर का होईना, सरकार व कामगार यांमधील झगडा म्हणतां येईल. परंतु त्याच वीस दिवसांत रेल्वेच्या चाळींतून संपकऱ्यांचीं बिऱ्हाडें रस्त्यावर काढण्यांत आलीं. आमचा आक्षेप नेमका या गोष्टीवर आहे. नवरा तुरुंगांत किंवा भूमिगत, भर वैशाखाचें ऊन, चूल विझलेली, आणि बायको पोरांस घेऊन सामानापाशीं बसलेली. तिनें कोणता नियम मोडला होता? तिच्या मुलानें कोणत्या संघाची वर्गणी भरली होती? काम केलें नाहीं म्हणून पगार कापणें हा हिशेब झाला. रूळ उखडणारास, कामावर जाणाऱ्या सोबत्यास मारणारास शिक्षा देणें हा न्याय झाला. पण बापास नमविण्यासाठीं लेंकरांच्या डोक्यावरचें छप्पर काढणें म्हणजे त्यांस ओलीस धरणें होय, आणि सरकारनें केलें म्हणून तें निराळें होत नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांतील माणसांस हें समजावून सांगण्याची गरज पडूं नये. घरांतला एक भाऊ वडिलांशीं भांडून जेवणाचें पान सारून उठला, तर त्याच्या पोरांचें ताट कोणी उचलून घेत नाहीं. उलट, त्या दिवशीं आजी त्या पोरांस अंमळ जास्तच तूप वाढते. (आणि जातां जातां विचारून ठेवतों: आपल्याकडे धुणेंभांड्यास येणारी बाई दोन दिवस आली नाहीं तर आपण तिचे पैसे कापतों, कीं तिच्या घरीं कोणी आजारी आहे काय हें आधीं विचारतों?)

"काढून टाकावें आणि नवीं माणसें भरावीं," असें पत्रलेखक म्हणतात. तामिळनाडूच्या सरकारनें २००३ सालीं तसें करून पाहिलें. लाखाहून अधिक नोकर एकदम बडतर्फ केले. सर्वोच्च न्यायालयानें संपाच्या हक्काविरुद्ध अगदीं कडक शब्द वापरले, तरी बहुतेकांस परत घेण्याची वाट त्याच प्रकरणांत निघाली. कारण उघड आहे. घाटांतून गाडी उतरविणारा चालक आठवड्यांत तयार होत नाहीं.

१९७४ च्या बडतर्फांचेंही असेंच झालें. १९७७ सालीं राज्य पालटलें आणि रेल्वेमंत्री झाले ते राजापूरचे खासदार, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मधु दंडवते. त्यांनीं संपांत नोकरी गमावलेल्यांस पुन्हां कामावर घेतलें. आज दुसऱ्या वर्गाच्या डब्यांत लांकडी फळीवर जी गादी आपल्या पाठीखालीं येते, तीही त्यांच्याच कारकीर्दींतली. रेल्वे त्यामुळें बुडाली नाहीं. तींच माणसें त्याच रुळांवर निवृत्तीपर्यंत गाड्या चालवीत राहिलीं. आणि ज्या बोनसापायीं एवढें रामायण झालें, तो १९७९-८० पासून रेल्वे-नोकरांस मिळूं लागला. अलीकडे दसऱ्याच्या आगेमागें ७८ दिवसांच्या पगाराइतक्या बोनसाची मंजुरी दिल्लीहून जाहीर होते, आणि वर्तमानपत्रांत ती बातमी आंतल्या पानावर चार ओळींत येऊन जाते.