मोबाइल काढून घेण्याआधी

‘पोरगं दिवसभर गेम खेळतं,’ ही तक्रार पालकसभेत हमखास येते. तक्रार खरी आहे. पण प्रत्येक गेम म्हणजे वेळेची नासाडी, असे नाही.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये ‘फोल्डइट’ नावाचा गेम सुरू केला. पडद्यावर प्रथिनाची साखळी दिसते. ती जितकी नीट दुमडाल, तितके गुण. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. २०११ मध्ये या खेळाडूंनी तिची किल्ली अवघ्या तीन आठवड्यांत शोधून दिली. त्यातले बहुतेक जण शास्त्रज्ञ नव्हते.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ मोफत आहेत. आयआयटी मुंबईसारख्या संस्थांनी त्यातले प्रयोग तयार केले आहेत. विज्ञान, इंजिनिअरिंगची मुले घरी बसून सराव करू शकतात. चुकले तर काच फुटत नाही, पुन्हा करता येते. मात्र हाताला खऱ्या परीक्षानळीची सवय लागायलाच हवी. ‘घरीच शिकते की,’ असे म्हणून मुलीचे कॉलेज थांबवायला हे निमित्त होऊ नये.

अनेक घरांत मोबाइल मुलाच्या हाती असतो, मुलीच्या नाही. इल्म मात्र दोघांवरही फर्ज आहे. अम्मी-अब्बूंनो, इशानंतर अर्धा तास दोघांजवळ बसा. ‘बेटा, यातून काय शिकलास?’ एवढे विचारा. उत्तर आले नाही, तर मोबाइल खुशाल बाजूला ठेवा.