लग्न संपलं, वऱ्हाड तिथेच

डेबियन किंवा उबुंटू वापरणाऱ्या प्रत्येकाने ती ओळ पाहिलेली असते. आपण भलतंच काहीतरी इन्स्टॉल करायला जातो आणि ॲप्ट मध्येच सांगतं की खालची पॅकेजेस आपोआप बसवली होती, आता त्यांची गरज नाही, ऑटोरिमूव्ह चालवून काढून टाका. खाली पाच-पन्नास नावं. बहुतेक जण वर्षानुवर्षं तिकडे बघत नाहीत, उरलेले डोळे मिटून 'वाय' दाबतात. माझ्या मते दोन्ही चूक, आणि दुसरं जरा जास्तच.

हे वऱ्हाड येतं कुठून? तुम्ही एक प्रोग्रॅम मागता. त्याला चार लायब्रऱ्या लागतात, त्या चौघींना आणखी सहा. ॲप्ट सगळ्यांना घेऊन येतं, पण तुम्ही नाव घेऊन मागितलेल्यावर 'मॅन्युअल' अशी खूण करतं आणि बाकीच्यांवर 'ऑटो'. उद्या तो प्रोग्रॅम काढलात की नवरदेव गेला, वऱ्हाडी मात्र कार्यालयातच मुक्कामाला. ऑटोरिमूव्ह त्यांना बाहेर काढतं. इथवर सगळं छान.

पण ॲप्टमध्ये 'डिपेंड्स'च्या खाली 'रेकमेंड्स' नावाची आणखी एक पायरी आहे. नसलं तरी चालेल, असलं तर बरं, अशातली. २००९ साली आलेल्या डेबियन लेनीपासून ही मंडळीसुद्धा डीफॉल्टनेच येतात. डेस्कटॉपवर ते सोयीचं आहे, वाद नाही. सर्व्हरवर? पायथनसाठी पिप हवं म्हणून पायथन३-पिप मागवा. त्याच्या रेकमेंड्समध्ये बिल्ड-इसेन्शियल आहे. म्हणजे सी आणि सी++ चे कंपायलर, मेक, हेडर फाइल्स, सगळा बारदाना. प्रॉडक्शनच्या मशीनवर कंपायलर कोणासाठी? घुसणाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून?

आणि ऑटोरिमूव्ह याला हात लावत नाही. पिप अजून आहे ना, मग त्याने शिफारस केलेली वस्तू ॲप्टच्या लेखी गरजेचीच. डीफॉल्ट सेटिंगमध्ये कोणीतरी नुसतं 'सजेस्ट' केलेलं पॅकेजही ते राहू देतं. तेव्हा ॲप्ट ज्याला नको असलेलं म्हणतं आणि तुम्हाला जे खरोखर नको आहे, यांत बरंच अंतर आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, डिस्क किती स्वस्त झाली! पाचशे एमबी वाचवून बंगला बांधणार आहेस का?" मान्य. जागेसाठी हे करूच नका. (अपवाद एकच: बूटचं पार्टिशन वेगळं आणि छोटं असेल, तर जुने कर्नल साचून ते भरतं आणि अपग्रेड अर्ध्यात लटकतं. तिथे ऑटोरिमूव्ह जरूर चालवत जा, चालू आणि सगळ्यात नवा कर्नल ते ठेवतं.)

माझा मुद्दा जागेचा नाहीच. २९ मार्च २०२४ आठवा. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलच्या डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टमध्ये बॅकडोअर घुसवलं आहे, ५.६.० आणि ५.६.१ या दोन व्हर्जन्समध्ये. संशय कशावरून आला? एसएसएचचं लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त खात होतं म्हणून! 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच पाठवले, जवळजवळ एकट्याने प्रोजेक्ट ओढणाऱ्या मेंटेनरचा विश्वास कमावला, हातात चाव्या आल्या आणि मग हा उद्योग केला. डेबियन स्टेबलपर्यंत ते पोचलं नव्हतं, टेस्टिंगमध्ये मात्र पोचलं होतं.

यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ओपनएसएसएचला एक्सझेड लागतच नाही! मूळ कोडमध्ये त्याचा पत्ता नाही. पण डेबियन, फेडोरा वगैरेंनी आपापल्या पॅकेजमध्ये एक छोटा पॅच लावला होता. एसएसएचचा सर्व्हर सुरू झाला की 'मी तयार आहे' एवढा निरोप सिस्टमडीला द्यायचा. त्यासाठी लिबसिस्टमडी जोडली. लिबसिस्टमडीला जर्नलच्या कॉम्प्रेस केलेल्या फाइल्स वाचता याव्यात म्हणून एक्सझेडची लिबएलझेडएमए हवी. झालं. साखळी पूर्ण. जगभरातल्या सर्व्हरच्या मुख्य दरवाज्याच्या आत अशी एक लायब्ररी येऊन बसली, जिचं त्या दरवाज्याशी काडीचंही काम नव्हतं. आणि तो निरोप म्हणजे काय, तर एका सॉकेटवर एक ओळ लिहिणं. सी मध्ये काही ओळींचं काम. जुलै २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये ते लिबसिस्टमडीशिवाय करून दाखवलंच. सिस्टमडीनेही २५६ व्या व्हर्जनपासून या कॉम्प्रेशन लायब्रऱ्या लागतील तेव्हाच लोड करायचं ठरवलं.

ऑटोरिमूव्हने हे पकडलं असतं का? अजिबात नाही. पॅकेज मॅनेजरच्या हिशोबाने ती डिपेंडन्सी शंभर टक्के रास्त होती. म्हणून 'हे लागतं का' हा प्रश्न मशीनवर सोपवून भागत नाही. 'हे इथे का आहे' असं माणसाने विचारावं लागतं. आणि आपल्या मशीनवरचं प्रत्येक पॅकेज म्हणजे कुठल्यातरी अनोळखी माणसावर टाकलेला विश्वास, हे लक्षात घेऊन.

आता डोळे मिटून 'वाय' दाबणाऱ्यांविषयी. एका क्लायंटकडे ऑटोरिमूव्ह थेट क्रॉनमध्ये टाकलेलं होतं, रोज रात्री, न विचारता. कोणीतरी एक जुनं मॉनिटरिंग टूल काढलं. त्याच्यासोबत डेटाबेसशी बोलणारी पायथनची एक लायब्ररी आली होती, ती रात्री रीतसर गेली. तीच लायब्ररी वापरून कोणीतरी कधीकाळी महिनाअखेरच्या रिपोर्टची स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट पॅकेज नव्हती, त्यामुळे ॲप्टला ती माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. महिनाअखेर उजाडली आणि काय धावपळ झाली ते विचारू नका. तुम्ही हाताने लिहिलेलं, हाताने कंपाइल केलेलं काहीही ॲप्टच्या खिजगणतीत नसतं. क्रॉनमध्ये मनुष्यवाचनाला जागा नाही, आणि ती यादी वाचायचीच असते.

मी काय करतो ते सांगतो. ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल चालवायचं. म्हणजे आपण मागितलेल्यांची यादी. (इन्स्टॉलरने आणलेली काही नावं त्यात असतात, दचकू नका.) प्रत्येक नावापुढे एका वाक्यात कारण लिहायचं. जिथे पेन अडतं तिथे ॲप्टिट्यूड व्हाय विचारायचं, ते साखळी दाखवतं. कारण सापडलंच नाही तर ॲप्ट-मार्क ऑटो, मग ऑटोरिमूव्ह, पण आधी सिम्युलेट लावून. कारणांची फाइल गिटमध्ये. अल्पाइन लिनक्समध्ये ही सोय मुळातच आहे: वर्ल्ड नावाची एक साधी टेक्स्ट फाइल, तुम्ही मागितलेलं तेवढंच तिच्यात. ॲप्टकडे अशी फाइल असती तर हा लेख निम्मा झाला असता.

नव्या सर्व्हरवर नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स. याची किंमत मोजावी लागते, लपवत नाही. गिट असं बसवलंत आणि एचटीटीपीएसवरून क्लोन करायला गेलात की सर्टिफिकेटच्या नावाने बोंब होते, कारण सीए-सर्टिफिकेट्स गिटच्या रेकमेंड्समध्ये आहे, डिपेंड्समध्ये नाही. मग ते नाव घेऊन मागवायचं. अर्धा तास जातो. पण यादीत त्याच्यापुढे कारण लिहिलेलं असतं.

"चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?" हे सिनियर लोकांचं म्हणणं चालत्या मशीनपुरतं मला पटतं. म्हणून जुन्या मशीनवर मी फारसा झाडू मारत नाही. डेबियनचं नवं व्हर्जन साधारण दोन वर्षांनी येतं, तेव्हा नवं मशीन उभं करतो आणि कारण लिहिलेली तेवढीच पॅकेजेस तिकडे नेतो. गेल्या खेपेला मागे राहिलेल्यांपैकी एकालाच परत बोलवावं लागलं. त्याचं नाव 'लेस'.