पोलिसांच्या गोळीचा हिशेब

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा या मोठ्या शहराच्या उत्तरेस, अल्फारेटा नावाचे एक संपन्न शहर आहे. २०२० सालच्या शिरगणतीत तेथील लोकवस्ती सुमारे ६५ हजार भरली आणि तीत पाचांतला जवळजवळ एक जण आशियाई वंशाचा होता. संगणकाच्या व्यवसायात गुंतलेली भारतीय कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने आहेत व त्यांत मराठी घरेही आहेत. अटलांटा परिसरात महाराष्ट्र मंडळ आहे. आपले पूर्वज उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी जहाजाने या बेटावर आले. ही मंडळी विमानाने आणि शिक्षणाच्या बळावर गेली. तरी परक्या भूमीत आपली भाषा व सण जतन करीत, इतर वंशांच्या शेजाऱ्यांबरोबर नांदायचे, हा जो आपल्यापुढचा प्रश्न तोच त्यांच्याही पुढे आहे.

अशा सुखवस्तू गावात राहणाऱ्या माणसाला वाटते की, पोलिसांनी कोणा काळ्या माणसावर गोळी झाडली तर तो काळ्या-गोऱ्यांचा जुना तंटा आहे, आपण त्यात कशाला पडावे? हा समज चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. अल्फारेटा आणि अटलांटा शहराचा बहुतेक भाग ही दोन्ही एकाच फुल्टन काउंटीत मोडतात. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच. या काउंटीचा सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. पोलिसांवर खटला भरायचा की नाही हे तो ठरवतो आणि त्याला निवडण्यात अल्फारेटाच्या मतदारांचाही वाटा असतो. ज्युरीत बसण्याचे बोलावणेही त्यांना येते. तेव्हा अटलांटातल्या गोळीचा हिशेब अल्फारेटाच्या मराठी नागरिकालाही चुकवता येत नाही.

ज्या प्रकरणाने ही गोष्ट उघड झाली ते रेशार्ड ब्रुक्स याचे. १२ जून २०२० च्या रात्री अटलांटाच्या दक्षिण भागातील वेंडीज या खाणावळीच्या आवारात हा २७ वर्षांचा काळा तरुण आपल्या मोटारीत झोपी गेला होता. गाडीने वाट अडवली म्हणून पोलिसांना कळविण्यात आले. दोन गोरे पोलीस आले. सुमारे ४० मिनिटे बोलणे शांतपणे चालले होते. गाडी येथेच ठेवून बहिणीच्या घरी पायी जातो, असेही ब्रुक्सने सुचवले. श्वासाच्या तपासणीत मद्याचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले आणि गॅरेट रॉल्फ हा पोलीस त्याला बेड्या घालू लागला. तेथून झटापट झाली. ब्रुक्सने दुसऱ्या पोलिसाचे टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारे हत्यार, हिसकावले व तो पळाला. पळता पळता मागे वळून त्याने ते रॉल्फच्या दिशेने झाडले. रॉल्फने पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. दोन गोळ्या ब्रुक्सच्या पाठीत लागल्या व तो मरण पावला.

मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या गुडघ्याखाली मृत्यू होऊन तेव्हा अवघे १८ दिवस झाले होते. सारी अमेरिका पेटलेली होती. दुसऱ्याच दिवशी अटलांटाच्या पोलीस प्रमुख एरिका शील्ड्स यांनी पद सोडले, रॉल्फला नोकरीतून काढण्यात आले आणि त्या रात्री जमावाने ती खाणावळ जाळली. १७ जूनला, म्हणजे पाच दिवसांत, सरकारी वकील पॉल हॉवर्ड यांनी रॉल्फवर खुनासह ११ आरोप ठेवल्याचे वार्ताहरांपुढे जाहीर केले. राज्याच्या तपास खात्याची चौकशी त्या वेळी पुरी झालेली नव्हती.

आता तारखांकडे पाहा. ९ जूनला प्राथमिक निवडणूक झाली होती आणि तीत हॉवर्ड मागे पडले होते. निर्णायक फेरी ११ ऑगस्टला व्हायची होती. दुसरी गोष्ट अशी की, याच जून महिन्यात दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर टेझर चालवल्याबद्दल त्यांनी अटलांटाच्या पोलिसांवर आरोप ठेवले होते आणि त्या कागदपत्रांत टेझर हे प्राणघातक हत्यार ठरवले होते. ब्रुक्सच्या हातातल्या टेझरपासून मात्र पोलिसाला तसा धोका नव्हता, अशी भूमिका त्यांनी घेतली. टेझर दोनदा झाडून रिकामे झाले होते, असे त्यांचे म्हणणे होते. या युक्तिवादात तथ्य असेलही. परंतु तपास संपण्यापूर्वी, मतदानाच्या तोंडावर तो मांडला गेल्यामुळे न्यायासाठी मांडला की मतांसाठी, हा संशय कोणालाही यावा. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! हॉवर्ड ती निवडणूक हरले. त्यांच्या जागी आलेल्या फॅनी विलिस यांनी हे प्रकरण आपल्याकडे राहू नये म्हणून प्रयत्न केले आणि शेवटी ते बाहेरच्या वकिलाकडे, पीट स्कॅन्डलाकिस यांच्याकडे गेले. मे २०२१ मध्ये रॉल्फला नोकरी परत मिळाली. त्याला काढताना नियमांप्रमाणे म्हणणे मांडण्याची संधी दिली नव्हती, हे त्याचे कारण. २३ ऑगस्ट २०२२ रोजी स्कॅन्डलाकिस यांनी दोन्ही पोलिसांवरचे आरोप सोडून देत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अटलांटा शहराने ब्रुक्सच्या कुटुंबाला १० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ठरवून दिले की, पळणाऱ्या माणसापासून गंभीर धोका असल्याखेरीज त्याच्यावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही. १९८९ साली याच न्यायालयाने सांगितले की, बळाचा वापर योग्य होता की नाही हे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या दृष्टीने पाहावे, मागाहून मिळालेल्या शहाणपणाने नव्हे. या कसोटीवर स्कॅन्डलाकिस यांनी पोलिसांना सोडले. कायद्याने त्यांचा निर्णय टिकेल. पण मनाला टोचणारा प्रश्न उरतोच. जो माणूस ४० मिनिटे नीट बोलत होता, ज्याची गाडी व नाव-गाव पोलिसांजवळ होते, त्याला त्या रात्री जाऊ देऊन दुसऱ्या दिवशी पकडता आले नसते काय? जागेवरच्या त्या क्षणापुरते पाहणारी कायद्याची कसोटी हा प्रश्न विचारत नाही. तो नागरिकांनी विचारायचा असतो.

आणि तो वर्तमानपत्रांनीही विचारायचा असतो. येथे आम्हांस आमच्याच व्यवसायाबद्दल बोलणे भाग आहे. दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दिसले ते शेवटचे काही क्षण. आधीच्या ४० मिनिटांना तेवढी जागा मिळाली नाही. एका गोटाला निष्पाप बळी हवा होता, म्हणून टेझरचा उल्लेख खालच्या ओळीत गेला. दुसऱ्या गोटाला गुन्हेगार हवा होता, म्हणून मृताचा पूर्वेतिहास उकरून पहिल्या ओळीत आला. जणू पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसाचा जीव स्वस्त असतो! चौकशीचा निकाल दोन वर्षांनी लागला तेव्हा कॅमेरे केव्हाच दुसऱ्या गावी गेले होते. ४ जुलै २०२० रोजी याच जळालेल्या खाणावळीजवळ, पोलीस नसलेल्या रस्त्यावर, आठ वर्षांची एक काळी मुलगी गोळीला बळी पडली. तिच्यासाठी जगभर मोर्चे निघाले नाहीत.

याचा अर्थ वृत्तपत्रांनी गप्प बसावे असा मुळीच नाही. त्याच जॉर्जियातले दुसरे उदाहरण पाहा. २३ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रन्सविक शहराजवळ अहमद आर्बेरी हा काळा तरुण धावत असताना त्याचा गाड्यांतून पाठलाग करून त्याला गोळी घालण्यात आली. पाठलाग करणाऱ्या तिघांपैकी एक जण पूर्वी पोलीस खात्यात आणि सरकारी वकिलाच्या कचेरीत नोकरीस होता. दोन महिन्यांहून अधिक काळ एकालाही अटक झाली नाही. मे महिन्यात घटनेची चित्रफीत लोकांपुढे आली आणि दोनच दिवसांत अटका झाल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने तिघांनाही दोषी ठरवले. त्या ज्युरीत ११ गोरे व एक काळा होता. सामान्य नागरिकाला दुसऱ्याला अटक करू देणारा १८६३ सालचा कायदाही राज्याने त्याच वर्षी रद्द केला. तेथे प्रसिद्धी नसती तर न्याय झाला नसता. मग ब्रुक्सच्या प्रकरणात प्रसिद्धीने गोंधळ का वाढवला? आर्बेरीच्या बाबतीत पत्रकारांनी दडवलेली वस्तुस्थिती बाहेर काढली. ब्रुक्सच्या बाबतीत वस्तुस्थिती बाहेर येण्याआधीच बहुतेकांनी निकाल लिहून ठेवला होता.

खुद्द अल्फारेटाही या प्रश्नापासून मुक्त नाही. २०१८ च्या मे महिन्यात तेथील पोलिसांनी ६५ वर्षांच्या एका काळ्या आजीबाईंची गाडी वाहतुकीच्या किरकोळ कारणावरून थांबवली. दंडाच्या कागदावर सही करण्यावरून वाद झाला. त्यांना गाडीतून ओढून काढताना एक अधिकारी शिवीगाळ करीत होता. हे सारे पोलिसांच्याच कॅमेऱ्यात टिपले गेले. चौकशी सुरू झाली आणि त्या अधिकाऱ्याने राजीनामा दिला.

ज्यांना वाटते की भारतीय माणसाला याची झळ लागत नाही, त्यांनी शेजारच्या अलाबामा राज्यातील मॅडिसन येथे ६ फेब्रुवारी २०१५ रोजी काय घडले ते आठवावे. नातवाला सांभाळायला भारतातून नुकतेच आलेले एक गुजराती आजोबा सकाळी घराजवळ फिरत होते. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन करून कळवले की, एक सडपातळ काळा माणूस संशयास्पद फिरत आहे. आजोबांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि ते अंशतः पांगळे झाले. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि २०१६ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याला मुक्त केले. काळ्या माणसाविषयीचा संशय होता, त्याची किंमत भारतीय आजोबांनी मोजली. कातडीचा रंग पाहणारा डोळा आपली जात, भाषा किंवा पदवी विचारीत बसत नाही.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात वंशाचा प्रश्न नाही, पण गोळीचा आहे. तेथे त्याला ‘चकमक’ म्हणतात. चकमकीत माणसे मारणाऱ्या मुंबईच्या पोलीस अधिकाऱ्यांना वृत्तपत्रांनी व चित्रपटांनी एके काळी वीरपुरुष केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंच्या स्वतंत्र चौकशीसाठी १६ नियम घालून दिले. २००६ साली वर्सोव्यात झालेली एक चकमक बनावट असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आणि प्रदीप शर्मा या नामांकित अधिकाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप दिली. या न्यायाला १७ वर्षे लागली!

आणि आपले घर? २१ फेब्रुवारी १९९९ हा दिवस मॉरिशस कसा विसरेल? ‘सेगे’ संगीताचा जनक, लोकांचा लाडका गायक काया, गांजा ओढल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि पोर्ट लुईसच्या लाइन बॅरेक्समधील कोठडीत मृतावस्थेत सापडला. बेट पेटले. दुसऱ्याच दिवशी बर्जे आगात हा दुसरा गायक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. क्रेओल आणि हिंदू शेजारी काही दिवस एकमेकांकडे भयाने पाहत होते. ‘हा त्यांचा प्रश्न आहे’ असे म्हणून दार लावून घेणारे आपल्यातही होते. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा २०१६ साली झाला व २०१८ मध्ये आयोग कामाला लागला. तरीही २०२२ साली कोठडीत संशयितांचा छळ होत असल्याच्या चित्रफिती बाहेर आल्याच. कायदा झाला म्हणजे काम संपले असे नाही.

पोलिसांविषयी आमच्या मनात द्वेष नाही. आपल्या मराठी घरांतील मुलेही तो गणवेश घालतात आणि रात्रीबेरात्री जीव धोक्यात घालून आपले रक्षण करतात. प्रामाणिक शिपायाच्या हितासाठीच आम्ही म्हणतो की गोळीचा हिशेब झाला पाहिजे. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची? तो हिशेब पोलीस खात्याने स्वतः करू नये, कारण तो मग दडपला जातो. निवडणुकीला उभा असलेल्या वकिलानेही घाईने करू नये, कारण तो मग बाजारात मांडला जातो. त्यासाठी दोघांपासून दूर असलेली, पुरेसे अधिकार आणि मनुष्यबळ असलेली आणि ठरलेल्या मुदतीत अहवाल देणारी यंत्रणा हवी. कॅमेरा असो वा नसो, तिचे काम सारखेच चालले पाहिजे.

वाचक बंधु-भगिनींनो, अशी बातमी पुन्हा येईल. येथे येईल, अटलांटात येईल, मुंबईत येईल. तेव्हा मृत माणूस कोणत्या समाजाचा होता, हे पाहून मत बनवू नका. चौकशी कोण करीत आहे, ती कधी संपणार आहे आणि संपल्यावर निकाल आपल्याला कोण सांगणार आहे, हे विचारा. मुलांसमोर शेजाऱ्याच्या वंशाबद्दल हलके बोलू नका. उद्या हीच मुले पोलीस, वकील किंवा पत्रकार होतील आणि घरी ऐकलेले बरोबर घेऊन जातील. कायाच्या मरणाला २५ वर्षे होऊन गेली. त्या वेळी दार लावून घेतलेल्या घरांनी निदान पुढच्या वेळी ते उघडावे, एवढेच आमचे मागणे आहे.